शेवटच्या तासाचे मजूर

मी मॅट्रिक झालो तो गणितातल्या ३ ग्रेस गुणांवर. त्या गुणांची मला पुढे कित्येक वर्षे लाज वाटे. म्हणूनच की काय, मास्तर झाल्यावर मी हिशेबाला फार कडक झालो. ज्याचे त्याला, कष्टाप्रमाणे! ग्रेस म्हणजे कृपा, एवढे इंग्रजी मला येत होते. पण हाच शब्द ख्रिस्ती श्रद्धेचा प्राण आहे, हे कळायला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचावा लागला.

येशूने सांगितलेली गोष्ट साधी आहे. द्राक्षमळ्याचा धनी भल्या पहाटे एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो. मग सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चौकात जाऊन आणखी मजूर आणतो; दिवस मावळायला तासभर उरला असता राहिलेल्यांनाही घेतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दिनारच ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. धनी म्हणतो, तुमचे ठरलेले मी बुडवले का?

खरे सांगतो, मी कुरकुरणाऱ्यांच्या बाजूचा. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या साधूचे म्हणणे होते, की मनुष्य स्वतःच्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो. ऑगस्टीनने त्याला विरोध केला. चांगले होण्याची इच्छासुद्धा कृपेनेच उपजते, असे त्याचे मत. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते त्याज्य ठरवली. माझे मत मात्र आजही पेलागियसला! 'प्रयत्न करा' असे नाही सांगायचे, तर मास्तराने मुलांना सांगायचे तरी काय?

पण त्या गोष्टीतला एक तपशील माझ्या नजरेतून निसटला होता. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे धन्याने विचारले तेव्हा ते शेवटचे मजूर म्हणाले, आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. म्हणजे ते आळशी नव्हते. दिनार ही एका दिवसाची रोजी; तिचा बारावा हिस्सा घरी नेऊन चूल कशी पेटणार?

वर्षभर शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाला मी पदरमोड करून एक वही देतो. गेल्या एप्रिलात रांगेच्या शेवटी एक मुलगा येऊन उभा राहिला. दिवाळीनंतर तो वर्गात दिसलाच नव्हता.

"इतके दिवस कुठे होतास रे?"

"ऊसतोडीला, गुरुजी."

मी त्याला वहीचा नियम समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि पुढे केलेला हात मागे घेतला. ग्रेसवर पास झालेला मास्तर!

यंदाही फराळाचे डबे रिकामे होण्याच्या आत त्यांची बिऱ्हाडे निघतील. एक वही माझ्या कपाटात शिल्लक आहे. ती देताना त्याला काय म्हणावे, ते मला अजून सुचलेले नाही.