मधली खूण

टेनिसच्या कोर्टवर मागच्या रेषेच्या बरोबर मध्यभागी एक छोटीशी खूण असते. लांबी अवघी 4 इंच. सर्व्हिस करणाऱ्याने कोणत्या बाजूला उभे राहायचे एवढे सांगण्यापुरतीच ती असते. पण नवशिक्याला ती घरासारखी वाटते. प्रत्येक फटक्यानंतर तो धावत तिच्यापाशी परत येतो. दोन्ही बाजूंना सारखे अंतर. मग चुकते कुठे?

चुकते ते भूमितीत. आपला चेंडू समोरच्याच्या एका कोपऱ्यात गेला की त्याला टोकाच्या दोन वाटा उरतात: रेषेलगत सरळ किंवा कोर्टच्या आरपार तिरकी. तिरक्या वाटेत अंतर जास्त मिळते, शिवाय खांबांपाशी साडेतीन फूट उंच असलेली जाळी मध्ये तीनच फूट असते. या दोन वाटांमधल्या कोनाचा मध्य ही आपली खरी जागा. मागच्या रेषेवर ती तिरक्या फटक्याच्या बाजूला, खुणेपासून पाऊलभर सरकलेली असते. जाळीजवळ आलात तर उलट चेंडूच्याच बाजूला सरकावे लागते. म्हणजे मध्य जमिनीवर आखलेला नसतो. तो चेंडूबरोबर हलतो.

आपण ज्याला निःपक्षपातीपणा म्हणतो, तोही असाच असेल का?

1974 साली पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. समोर होता वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. खेळ वेगळा, राजकारण वेगळे, असे म्हणून खेळता आले असते. वरवर पाहता तीच मधली खूण होती. पण ज्या देशात माणसाच्या कातडीवरून मैदानांची वाटणी होत होती, तिथे ती खूण आधीच एका बाजूला ढळलेली होती. भारताने खेळण्यास नकार दिला. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारताने 1966 आणि 1987 मध्येही अंतिम फेरी गाठली, पण चषक आजवर लाभलेला नाही. किंमत खरी होती, म्हणूनच त्या नकाराला अर्थ होता.

एवढ्या मोठ्या मैदानावर आपल्याला कोण उभे करणार? आमची परीक्षा शाळेच्या ऑफिसात होते. सिल्वासात मराठी आणि गुजराती शेजारी नांदतात. दोघांशी सारखे वागण्याचा मला अभिमान होता. पालकांसाठीची सूचना निघाली की एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला मराठी. एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही. एका वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उलटल्यावर एक वारली बाप आला. सूचनेचा कागद त्याने घडी घालून खिशात जपून ठेवला होता. त्याला दोन्हीपैकी एकही लिपी वाचता येत नव्हती. मुलीचे ते वर्ष शिष्यवृत्तीवाचून गेले. मी दोघांपासून समान अंतरावर उभा होतो, आणि तिसऱ्यापासून सर्वांत दूर.

कोणी म्हणेल, गुरुजी, मध्य सोडला की पक्षपात सुरू होतो. भीती रास्त आहे. त्यावर खेळातच एक कसोटी सापडते. काही खेळाडू चेंडू कुठेही असो, बॅकहँडची बाजू झाकून फोरहँडने मारता यावे म्हणून एका अंगाला उभे राहतात. तेही खुणेपासून सरकलेलेच असतात. पण स्वतःच्या सोयीसाठी. म्हणून सरकताना स्वतःला विचारावे: मी चेंडूसाठी सरकतो आहे, की माझ्या सोयीसाठी? आपल्या भाषेच्या, जातीच्या, ओळखीच्या माणसाकडे कलणे हा पक्षपात. ज्याची बाजू उघडी पडली आहे त्याच्याकडे सरकणे हा न्याय. शिवाय प्रत्येक फटक्यानंतर जागा नव्याने शोधावी लागते. कालचा मध्य आज उपयोगी पडत नाही.

सूचना आजही दोन भाषांत निघते. मुदतीच्या आठवडाभर आधी मात्र शाळेतले कोणीतरी पाड्यावर जाऊन ती तोंडी सांगून येते. पहिल्या खेपेला मीच गेलो होतो. तो बाप अंगणात भेटला. त्याने खाट पुढे ओढली आणि धाकट्या मुलीला हाक मारली. तिचा अर्ज आम्ही तिथेच भरला.