हरवलेलं नाणं आणि माझं क्रेडिट कार्ड

आजचं वाचन: लूक १५:८-१०



आज २८ तारीख. पगाराला अजून तीन दिवस आहेत. तुमच्यापैकी काही जण हे वाचता वाचता मधेच बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघणार, हे मला माहीत आहे. माझं उलट होतं. मी ते ॲप उघडायचंच टाळायचे. म्हणून आजचं मनन जरा घरातलं आहे, आणि लिहायला मला दोन आठवडे लागले.

आधी वचन बघू. लूकच्या पंधराव्या अध्यायात येशू तीन दाखले सांगतो: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा. मेंढरावर आणि मुलावर आपण लहानपणापासून उपदेश ऐकलेत. मधल्या नाण्याला मात्र तीनच वचनं आहेत, म्हणून ते पटकन उरकलं जातं. एका बाईकडे चांदीची दहा नाणी असतात. त्यातलं एक घरातच हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. एवढंच.

त्या काळी असं एक नाणं म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ही श्रीमंताघरची गोष्ट नाही. आपल्यासारख्यांच्याच घरातली आहे.

आता माझी गोष्ट.

गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लोक घरून नारळ, केळी, केक, कोंबडी, जे जमेल ते देवाला अर्पण म्हणून आणतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि ते पैसे मंडळीच्या कामाला लागतात. खूप मजा येते. त्या दिवशी लिलावात एक लाल भोपळा आला. बोली ३०० वर होती. थोड्याच वेळापूर्वी एक काकू मला म्हणाल्या होत्या, "तू आता लोअर परळला मोठ्या कंपनीत आहेस ना गं? छान झालं!" ते शब्द डोक्यात घोळत होते. मी ५०० म्हटलं. मागच्या बाकावरून ७०० आले. मी १,००० म्हटलं. शेवटी तो भोपळा १,८०० रुपयांना माझा झाला. टाळ्या वाजल्या. भोपळ्यासोबत माझा फोटो काढला.

माझ्या खात्यात तेव्हा ६४० रुपये होते.

मी हळूच बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये गेले आणि क्रेडिट कार्डावर दोन हजार काढले. कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, वर फी वेगळी. हे मला चांगलं माहीत होतं. तरी काढले. देवाच्या घरात, देवाच्या नावाने मी स्वतःची किंमत वाढवून घेतली, आणि तीही उधारीवर.

तोपर्यंत दोन कार्डांवर मिळून १,३८,००० रुपये थकले होते. एका दिवसात नाही झाले ते. फोन, मैत्रिणीच्या लग्नासाठी गोव्याची ट्रिप, ऑफिसातल्या शुक्रवारच्या पार्ट्या. प्रत्येक वेळी "मला नाही जमणार" म्हणण्यापेक्षा कार्ड पुढे करणं सोपं वाटायचं. बिल आलं की फक्त 'मिनिमम ड्यू' भरायचे आणि सुटल्यासारखं वाटायचं. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत होतं. वर्षाचं गणित केलंत तर चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. मी ते गणित कधी केलंच नाही. स्टेटमेंटचे ईमेल मी न उघडता ठेवून द्यायचे.

मग नोव्हेंबरमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात पंधरा हजार आधी भरायचे होते. मी ऐटीत पुढे झाले, "आई, तू बस, मी भरते." कार्ड चाललं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. मागे लाईन लागलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कॅश आहे का?" आई उठली. पिशवीतून रुमाल काढला, त्यात गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा मोजून दिल्या. मला एक शब्द बोलली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर विचारलं, "किती आहे?"

मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग उठून लोखंडी कपाटातून एक जुनी वही घेऊन आली. माझ्या आजीची वही.

आजोबा नगर जिल्ह्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत साच्यावर काम करायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यात आजोबाही होते. गिरणी पुढे चालू झाली, पण आजोबांना आत घेतलं नाही. आजी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. संपाच्या काळात कुणाकडून काय घेतलं ते तिने या वहीत लिहून ठेवलं होतं. तांदूळ, दोन वाट्या. रॉकेल, एक बाटली. वीस रुपये, शाळेच्या फीसाठी. प्रत्येक ओळीच्या शेवटी, कुठे महिन्याने तर कुठे दोन वर्षांनी, वेगळ्या शाईत एकच शब्द होता: "दिले."

आई म्हणाली, "संपात कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते सगळ्या चाळीला माहीत असायचं. तुझ्या आजीनं काही लपवलं नाही, आणि कुणाचा पैसा बुडवलाही नाही. तू एवढी शिकलीस. तुला पैशाची लाज वाटली ते कळतं मला. पण माझी लाज वाटली का गं तुला?"

मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नीट नाही.

त्या रात्री झोप येईना, म्हणून लूकचा हा भाग पुन्हा वाचला. पहिल्यांदाच तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट: नाणं हरवलं, पण त्याची किंमत कमी झाली नाही. ते धुळीत पडलं असेल, चटईखाली गेलं असेल. तरी ते चांदीचंच होतं. बाजारात त्याला पहिल्याइतकाच भाव होता. म्हणून तर ती बाई शोधत बसली. येशूने हा दाखला कोणासमोर सांगितला ते बघा. तो जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी कुरकुरत होते. ज्यांना सगळ्यांनी 'वाया गेलेले' ठरवलं होतं, त्यांच्याबद्दल प्रभू सांगतोय की ते धुळीत पडले आहेत, पण त्यांची किंमत तशीच आहे.

मी दोन वर्षं उलटं धरून चालले होते. फोन चांगला असेल, बोली मोठी असेल, तर माझी किंमत जास्त. खात्यात ६४० असतील तर मीही ६४० ची.

दुसरी गोष्ट: तिने दिवा लावला. अंधारात नाणं सापडत नाही. आणि दिवा लावला की नाण्याबरोबर घरातला कचराही दिसतो. मला त्याचीच भीती होती. पण ज्याची किंमत आधीच ठरलेली आहे, त्याला कचरा दिसण्याची एवढी भीती का वाटावी? देव माझ्यावर प्रेम करतो ते माझा हिशेब जुळतो म्हणून नाही. म्हणूनच मी हिशेबाची वही उघडू शकते.

तिसरी गोष्ट: शेवटी तिने शेजारणींना बोलावलं. "सापडलं" असं सांगायचं तर "हरवलं होतं" हेही सांगावं लागतं. तिने ते सांगितलं.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. मराठी बायबलचं भाषांतर करणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांची सुरुवात बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिलं आहे. दागिने, कपडे, शेवटी घरातली भांडीसुद्धा विकली गेली, पण घराण्याच्या अभिमानामुळे हलकं काम करणं किंवा कुणापुढे हात पसरणं त्यांच्या कुटुंबाला शक्य झालं नाही. उपाशी राहणं चालत होतं, मागणं चालत नव्हतं.

पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर. तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी लंडनमध्ये चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं. हे असं का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर येशू त्या बाईशी बोलतो. तिचं सगळं त्याला माहीत असतं, तरी तो तिला कमी लेखत नाही. रमाबाईंच्या मनात ती गोष्ट खोल रुजली.

आणि मग तीच रमाबाई अमेरिकेत गावोगाव भाषणं देत फिरली आणि आपल्या देशातल्या विधवांसाठी उघडपणे मदत मागितली. त्यातून बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला आपल्या गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्या वेळी चौपाटीला भेळ खायला गेलात तर एक मिनिट हे आठवा. जिच्या घरच्यांना उपासमारीतही मागता आलं नाही, तिने मागितलेल्या पैशांतून मुलींची शाळा उभी राहिली. मदत घेऊनही रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी कुणाला विकली नाही. वाँटेजच्या सिस्टर्सशी त्यांचे श्रद्धेच्या प्रश्नांवर चांगलेच मतभेद झाले, आणि त्या आपल्या मतावर ठाम राहिल्या. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणून घेणाऱ्याची किंमत खाली जात नाही, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं.

मग मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी सगळी स्टेटमेंट उघडली. आजीच्या वहीसारखीच एक वही घेतली आणि कुणाचे किती, व्याज किती, ते एका पानावर लिहिलं. आकडा बघून रडले. पण सांगते, ॲप न उघडता दोन वर्षं जी धडधड होती ती त्या रात्री थांबली. बँकेला फोन करून थकलेली रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेतली. एक कार्ड कापून टाकलं. ऑफिसात शुक्रवारी "या महिन्यात नाही जमणार" म्हणायला शिकले. कुणी काही बोललं नाही. एक मुलगी तर हळूच म्हणाली, "बरं झालं तू म्हणालीस, मलाही नव्हतं परवडत."

पाळकांनाही भोपळ्याची गोष्ट सांगितली. ते आधी हसले. मग म्हणाले, "कर्ज काढून देवाला देऊ नकोस. आधी ज्याचं त्याला दे. तोपर्यंत तुझ्या ऐपतीचे शंभर रुपये देवाला कमी नाहीत." रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, आठवं वचन वाचायला सांगितलं. तुम्हीही वाचा.

चमत्कार झाला नाही. कुणी अनोळखी माणसाने माझं बिल भरलं नाही. अजून ६१,००० बाकी आहेत. पण वहीत सात ओळींपुढे "दिले" लिहून झालंय. आणि आईला आता दर महिन्याला आकडा माहीत असतो.

तुमच्यापैकी कुणी आज असाच आकडा लपवत असेल, तर एवढंच सांगते: तुम्ही धुळीत पडला असाल, पण तुम्ही चांदीचेच आहात. ज्याने तुमच्यासाठी वधस्तंभावर किंमत मोजली, तो तुमचं स्टेटमेंट बघून दचकणार नाही. दिवा लावा.

आज करायची गोष्ट: एका कागदावर सगळं देणं लिहा. मग एका विश्वासू माणसाला तो कागद दाखवा. आई, भाऊ, मैत्रीण, पाळक, कुणीही. उद्यावर ढकलू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, माझी किंमत तू ठरवलीस, हे मी विसरते. लोकांच्या टाळ्यांसाठी मी उधार जगले, मला क्षमा कर. माझ्या घरात दिवा लाव. जे दिसेल ते बघायचं धैर्य दे. ज्याचं देणं आहे त्याला देण्यासाठी मला काम आणि शिस्त दे, आणि खरं सांगता येईल अशी माणसं दे. जे आज कर्जाच्या भीतीने जागे आहेत, त्यांच्याजवळ तू बस. येशूच्या नावाने मागते. आमेन.