कुणकेश्वरचं समुद्रस्नान



देवगड तालुक्यात कुणकेश्वरला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. दुसऱ्या दिवशी, माघी अमावास्येला, गावोगावचे देव तिथे समुद्रस्नानाला येतात. देवाचा कौल मिळाला की स्वारी निघते, म्हणून दरवर्षी सगळेच येतात असं नाही. पुढे ढोल-ताशे, मग लुगडी नेसवलेल्या तरंगकाठ्या, म्हणजे काठीच्या रूपातले देव, आणि मागे अनवाणी चालणारा अख्खा गाव.

तरंग लाटेत भिजले की लुगडं काठीला घट्ट चिकटतं, काठी जड होते, ती पेलणाऱ्याच्या दंडावरच्या शिरा टरारून फुगतात. देवाला स्नान घडलं की माणसं पाण्यात उतरतात. कोणी तिथेच पितरांना पाणी देतं. त्या गर्दीत मी म्हाताऱ्या बायकांकडे बघत राहतो. त्या आधी वाकतात, ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावतात, पाय लागतोय म्हणून समुद्राची क्षमा मागतात. मग एकमेकींचे हात धरून गुडघाभर पाण्यात बसतात आणि लाट अंगावरून जाऊ देतात. त्याच्या पुढे एक पाऊल नाही. समुद्राशी कसं वागावं, हे मला त्यांच्याइतकं नेमकं कोणी दाखवलेलं नाही.

या स्नानाची वेळही बघा. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने ओढ लावतात, म्हणून उधाण येतं. आपल्या किनाऱ्यावर त्या तिथीची मोठी भरती साधारण दुपारच्या सुमाराला असते, म्हणजे पहाटे ओहोटी संपत आलेली. सकाळी नाहणाऱ्याकडे पाणी हळूहळू चढत येतं. दुपार कलली की तेच पाणी मागे फिरतं आणि पायाखालची वाळू ओढून नेतं. सकाळीच न्हाऊन वर येण्याची रीत मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

सुट्टीत आपण याच वाळूवर जातो, पण तिथी बघून जात नाही. भरतीची वेळ तर रोज पाऊण तासाने पुढे सरकत असते. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी होड्यांपाशी चार पावलं जा, जाळं निवडत बसलेल्या काकांना विचारा, "भरती लागली काय?" ओहोटी आहे म्हणाले, तर मुलांना वाळूतच किल्ला करू द्या.