नवस आणि चाचणी

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतो. नवस त्याचा, पायही त्याचेच. फुफ्फुसात व्रण धरलेल्या, चार पायऱ्यांतच धाप लागणाऱ्या माणसाला मूळपेशी टोचताना हीच कसोटी लावावी: जोखीम त्याने समजून पत्करली आहे का? पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही औषधे या आजाराचा वेग कमी करतात, व्रण पुसत नाहीत. मूळपेशी ते पुसतात हे अजून सिद्ध नाही. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मान्य नाहीत. ‘मरणाऱ्याची आशा का हिरावता?’ हा आक्षेप जिव्हारी लागतो. पण आशेचे पैसे घेऊन नोंदही न ठेवणारा त्या माणसाचे धाडसच वाया घालवतो. नीट केलेल्या चाचणीत अपयशही लिहिले जाते, आणि पुढचा रुग्ण ते वाचून हो किंवा नाही म्हणू शकतो.