कैद्याशी बोलणारे कोणी असावे



“मौलाना, ज्याने खून केला त्याच्या एकांतवासाचे दुःख आपण का करावे?” जुमाच्या नमाजनंतर एका तरुणाने मला हा प्रश्न विचारला. त्या दिवशीच्या भाषणात मी अमेरिकेतील कैद्यांच्या उपोषणाचा उल्लेख केला होता. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर मारल्या गेलेल्या माणसाचे घर होते, आणि इस्लामी न्यायात त्या घराचा हक्क पहिला आहे हे कोण नाकारील? म्हणून मी उत्तराची घाई केली नाही. ते आज आपल्यासमोर मांडतो.

कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर टोकाला पेलिकन बे नावाचा तुरुंग आहे. १९८९ साली तो सुरू झाला. त्याच्या विशेष विभागात सुमारे आठ फूट बाय दहा फुटांच्या बिनखिडकीच्या कोठडीत कैद्याला दिवसाचे साडेबावीस तास किंवा त्याहून अधिक काळ ठेवीत. जेवण दारातील फटीतून येई. पाय मोकळे करायचे ते उंच भिंतींच्या सिमेंटच्या चौकात, एकट्याने. भेटीला आलेल्या आईला काचेपलीकडून पाहावे लागे. तिचा हात हातात घेता येत नसे. दहा वर्षांहून अधिक काळ अशा स्थितीत काढलेले पाचशेहून अधिक कैदी २०११ साली तेथे होते, आणि वीस वर्षे उलटून गेलेले ७८.

यातील अनेकांना तेथे टाकले गेले ते तुरुंगात एखादी मारहाण केली म्हणून नव्हे, तर एखाद्या टोळीशी संबंध असल्याचा ठपका आला म्हणून. एखादे चित्र, एखादे पत्र, एखादे पुस्तकदेखील त्यासाठी पुरावा ठरे. सुटकेचा ठळक मार्ग एकच होता, इतरांची नावे सांगणे. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे नाव नाही त्याने काय करावे? खोटी साक्ष द्यावी? खोटी साक्ष आपल्या धर्मात महापापांत मोजली जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

१ जुलै २०११ रोजी या कैद्यांनी अन्न नाकारले. त्यांच्या मागण्या वाचताना मी थबकलो. सामूहिक शिक्षा बंद करा, दीर्घ एकांतवास संपवा या मोठ्या मागण्या होत्याच. पण त्यांच्याबरोबर आठवड्यातून एक फोन, वर्षातून एक छायाचित्र, भिंतीवर लावायला एक कॅलेंडर हेही मागितले होते. माणसाला आपला चेहरा आणि आजची तारीख मागावी लागते, तेव्हा त्याच्यापासून नेमके काय काढून घेतलेले असते?

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गोऱ्या, काळ्या आणि लॅटिन वंशाच्या गटांतील कैद्यांनी आपसातील वैर थांबविण्याचे आवाहन केले. बाहेर त्यांच्या माता, बहिणी, पत्नी रस्त्यावर उभ्या राहिल्या. वकिलांनी दावा दाखल केला. ८ जुलै २०१३ रोजी राज्यभरातील सुमारे ३०,००० कैद्यांनी जेवण नाकारले. ते उपोषण साठ दिवस चालले. अखेर २०१५ साली दाव्यात तडजोड झाली आणि केवळ टोळीच्या संबंधावरून कोणालाही अनिश्चित काळ एकांतात ठेवण्याची पद्धत तेथे बंद झाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने कैद्यांविषयीच्या आपल्या नियमांत सलग पंधरा दिवसांहून अधिक एकांतवासाला मनाई केली. या नियमांना नेल्सन मंडेलांचे नाव आहे.

उपोषणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. देह ही अल्लाहची अमानत आहे. मरेपर्यंत अन्न नाकारणे मी वैध म्हणू शकत नाही. पण दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये वाईट बोलणे उघडपणे मांडण्याच्या नापसंतीतून ज्याच्यावर जुलूम झाला त्याला वगळले आहे. जुलूम झालेल्याची ओरड आपण तिच्या रीतीतील दोष दाखवून झटकू शकत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. मदरशात शिकलेला कोणीही त्याच्या बाजूने एक भक्कम दाखला देऊ शकेल. तबूकच्या मोहिमेत मागे राहिलेल्या तीन सहाबांशी, त्यांत हजरत कअब बिन मालिक (रजि.) होते, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आदेशाने पन्नास दिवस कोणी बोलले नाही. मग एकांत ही शिक्षा इस्लामला मान्यच नाही काय?

हा दाखला मी अनेक वेळा वाचला आहे, आणि दर वेळी तो मला उलट दिशेला नेतो. हजरत कअब (रजि.) बाजारात हिंडत होते, मस्जिदीत नमाजला उभे राहत होते. डोक्यावर आकाश होते. ते नमाजमध्ये गढून गेले की प्रेषित (स.) त्यांच्याकडे पाहत. एवढे असूनही सूरह तौबामध्ये त्या तिघांची अवस्था कशी सांगितली आहे? जमीन एवढी विस्तीर्ण असून त्यांच्यासाठी तंग झाली, स्वतःचा जीवही त्यांना तंग झाला. मोकळ्या मदिनेत, पन्नास दिवसांत! शिवाय ते मौन कोणी संपविले? अंतःकरणे जाणणाऱ्या अल्लाहच्या वह्यने. कोणत्या तुरुंगाधिकाऱ्याकडे वह्य येते? क्षमेची वार्ता आली तेव्हा हजरत तल्हा (रजि.) उठून धावत गेले आणि त्यांनी कअब (रजि.) यांचा हात हातात घेतला. तो हात कअब (रजि.) जन्मभर विसरले नाहीत.

शत्रूलाही प्रेषित (स.) यांनी बोलण्यावाचून ठेवले नाही. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल पकडून आणले गेले तेव्हा त्यांना मस्जिदीच्या खांबाला बांधले होते. बंधन होते, पण ते माणसांच्या मध्यभागी. प्रेषित (स.) रोज त्यांच्याजवळ येऊन विचारपूस करीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सुमामांना सोडून दिले.

म्हणून त्या तरुणाला मी म्हटले, “बाळा, घातकी माणसाला इतरांपासून दूर ठेवणे हा समाजाचा हक्क आहे. कोठडीला कुलूप असावे. पण माणसाच्या आवाजापासून, स्पर्शापासून त्याला वर्षानुवर्षे तोडणे ही वेगळीच शिक्षा आहे, आणि ती बहुधा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते.”

आपल्या देशातही हा प्रश्न जुना आहे. न्यायालयाने दिलेला एकांतवास एका वेळी चौदा दिवसांहून आणि एकूण तीन महिन्यांहून अधिक नसावा, ही मर्यादा आपल्या दंडसंहितेत पूर्वीपासून होती, आजही आहे. १९७८ साली सुनील बत्रा या तिहारमधील कैद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा अंतिम होण्यापूर्वी कैद्याला एकांतात डांबणे नामंजूर केले. त्याच कैद्याने पुढे दुसऱ्या एका कैद्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल पत्र लिहिले, आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. महाराष्ट्रातील ‘अंडा सेल’ हा शब्द तर आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

तरुण गेल्यावर मी मागे वळलो. शेवटच्या सफेत एक वृद्ध गृहस्थ अजून बसून होते. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून तुरुंगात आहे. खटला अद्याप उभा राहिलेला नाही. या दोन वर्षांत मोहल्ल्यातील किती जणांनी त्यांच्या सलामला पुरते उत्तर दिले, मला ठाऊक नाही. त्यांच्याशी बोलू नका असे कोणी सांगितले नव्हते. मीदेखील मुलाचे नाव काढले तर त्यांना लाज वाटेल, असे स्वतःला समजावत आलो होतो. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसलो आणि मुलाची खुशाली विचारली. त्यांनी कुर्त्याच्या खिशातून घडी पडलेले एक पत्र काढले आणि म्हणाले, “मौलाना, चष्मा घरी राहिला. जरा वाचून दाखवाल?”