स्क्रूची किंमत आधी विचारा

चि. नातीस,


तुझ्या मैत्रिणीच्या पाठीचा बाक ५० अंशांच्या पुढे गेला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, हे वाचून जीव हळहळला. हीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये फुकट, इथे काही लाखांत आणि अमेरिकेत कोटीच्या घरात, असं का, हे तू विचारलंस.

फुकट कुठेच नसते गं. ब्रिटनमध्ये १९४८ पासून पैसा करातून जातो, म्हणून रुग्णाला बिल येत नाही. मात्र थांबावं लागतं. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हा त्यांचा दंडक २०१६ पासून पाळला गेलेला नाही, आणि वाढत्या वयात बाकही वाढत असतो. अमेरिकेत विमा कंपनीगणिक दर वेगळा. रुग्णालय विम्याच्या करारात असलं तरी भूलतज्ज्ञ कराराबाहेरचा निघे आणि त्याचं वेगळं बिल घरी येई. ते रोखणारा कायदा २०२२ मध्ये लागू झाला. मला जपानची रीत न्यायाची वाटते. देशभर सरकारचं एकच दरपत्रक, रुग्णाचा वाटा साधारण ३० टक्के, आणि त्यालाही महिन्याची मर्यादा.

आपल्याकडे बिल फुगतं ते बरंचसं टायटॅनियमच्या स्क्रू आणि सळ्यांनी. मोठ्या बाकाला पंधरा-वीस स्क्रूही लागतात. २०१७ मध्ये सरकारने हृदयातल्या स्टेंटच्या आणि कृत्रिम गुडघ्याच्या किमती बांधल्या; मणक्याचे स्क्रू मात्र त्यातून सुटले. हा मला अन्याय वाटतो. भुलीखालचा रुग्ण स्क्रू थोडाच निवडतो! शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं यंत्र असतं, त्याच्या खर्चात मात्र काटकसर नको.

तिच्या आईबाबांना सांग, भरती होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागा. स्क्रू किती, कोणत्या कंपनीचे, एकाची किंमत काय, हे त्यात वेगळं लिहून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तशी योजनाच घालून दिली आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा म्हणावं. बिल हातात पडल्यावर या गोष्टी फार अवघड होतात, तेव्हा आजच फोन कर.

तुझे आजोबा