भीष्मांचे तर्पण आणि अंबेचे पाणी



माघ शुद्ध अष्टमीस भीष्माष्टमी म्हणतात, हे आपण जाणताच. ज्याचे वडील हयात आहेत त्याने पितरांचे तर्पण करावयाचे नसते. परंतु यम आणि भीष्म यांना त्यानेही जल द्यावे, अशी शास्त्राची मुभा आहे. भीष्म आजन्म ब्रह्मचारी, मागे पुत्र नाही. म्हणून अवघा समाजच त्यांचा पुत्र झाला. या मुभेच्या आधारे मीही वडिलांसमवेत मोठ्या तलावाच्या काठी, शीतलदास की बगियाच्या घाटावर जात असतो. गेल्या माघात आत्याही आली होती. अंजली सोडून मी पायऱ्या चढून आलो, तेव्हा कोरडा पंचा हाती देत तिने सहज विचारले, "भीष्मांना पाणी दिलंस; अंबेला कोण देतं रे?"

मला उत्तर सुचले नाही. वडिलांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

अंबेचे आख्यान उद्योगपर्वात आहे. काशिराजाच्या तीन कन्या भीष्मांनी विचित्रवीर्यासाठी स्वयंवरातून जिंकून आणल्या. त्यांतील ही थोरली. आपण मनाने शाल्वास वरले आहे, असे तिने सांगताच भीष्मांनी तिला जाऊ दिले. हे त्यांच्या न्यायबुद्धीस शोभेसेच झाले. परंतु परक्याने जिंकून नेलेली म्हणून शाल्वाने तिला नाकारले, आणि प्रतिज्ञेमुळे भीष्मांनाही तिचा स्वीकार करता येईना. परशुराम तिच्यासाठी लढले, तेही व्यर्थ. मग तप, अग्निप्रवेश आणि शिखंडीचा जन्म. एकाच प्रतिज्ञेच्या छायेत दोन जीव अविवाहित राहिले. एकावर देवांनी पुष्पवृष्टी केली, पित्याने त्यास इच्छामरणाचा वर दिला. दुसरीला उभे राहावयास घर उरले नाही.

कोणी म्हणेल, हा भेद स्त्रीपुरुषांचा नव्हे. भीष्मांचे ते व्रत होते, अंबेवर ती आपत्ती कोसळली. हा आक्षेप मी स्वतःशी घेऊन पाहिला. परंतु शल्यपर्वात कुणिगर्गाच्या कन्येची कथा येते. तिने योग्य वर दिसेना म्हणून आपण होऊन विवाह टाळला आणि वार्धक्यापर्यंत घोर तप केले. देहत्यागाच्या वेळी नारद म्हणाले, अविवाहित कन्येला उत्तम लोक कोठले? तेव्हा अर्धे तप देऊ करून तिला गालवपुत्र शृंगवानाशी एका रात्रीपुरता विवाह करावा लागला! जरत्कारूसारख्या पुरुषालाही विवाहाविना पितरांनी अडविले होते, हे खरे. पण तेथे चिंता पितरांची होती, त्याचे स्वतःचे तप कोणी उणे लेखले नाही.

महाराष्ट्राकडे पाहावे, तर समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले. तो प्रसंग कीर्तनकार रंगवून सांगतात. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या मुलीविषयी मात्र आख्यान फारसे बोलत नाही. त्याच समर्थांच्या शिष्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या कीर्तनाला बसू लागताच लोकापवाद उठला, आणि घरच्यांनी त्यांना विष दिले, असे परंपरा सांगते. पुरुष घर सोडतो ते वैराग्य, स्त्री उंबरा ओलांडते तो बोभाटा! समर्थांचा मोठेपणा असा की, वेणाबाईंना त्यांनी उभे राहून कीर्तन करावयास लावले. पुढे मिरजेचा मठ त्यांनीच सांभाळला.

आता घरची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा आहे. लोक म्हणतात, "घाई काय, आधी नोकरीत स्थिर होऊ दे." आत्या सव्वीस वर्षांची झाली तोवर तिला दाखविणेच बंद झाले होते. आजोबांच्या आजारपणात घर तिने पेलले, हे मला माझ्या आईने सांगितले. आत्याने कधीच नाही. भीष्माष्टमीच्या आदल्या दिवशी रथसप्तमी येते, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. देवळात त्या दिवशी वाटलेले तिळाचे लाडू तिने वळले होते. वाण देण्याची वेळ झाली तेव्हा कोणाला काही सुचेना. कुमारिका म्हणून पाटावर बसवावे, तर वय साठीच्या पुढे. सुवासिनी म्हणून बसवावे, तर गळ्यात मंगळसूत्र नाही. ती आपण होऊनच भांडी आवरावयास आत गेली. कोणी वाईट वागले नाही, हे आवर्जून लिहितो. २००५ साली कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पाटावरच्या जागेचे काय, ते कायद्याला ठरविता येत नाही. ते आपल्याकडेच आहे.

या वर्षी भीष्मांच्या पाठोपाठ अंबेलाही एक अंजली द्यावी, असे मी मनाशी धरले आहे. अडचण संकल्पाची होती. भीष्मांचे गोत्र वैयाघ्रपद; अंबेचे कोणते म्हणावे? ना पतीचे, ना जिथे परत गेलीच नाही त्या माहेरचे. शेजारतीनंतर वडिलांना भीतभीत विचारले. समईची वात सारखी करीत ते बराच वेळ गप्प राहिले.

"काशिराजाची कन्या म्हण," ते म्हणाले. "आणि अक्कालाही घाटावर पुढे घेऊन ये. मागे उभी राहते ती दरवर्षी."